किती तास टिकेल

उलानबातरमध्ये जानेवारीत दुकान उघडायचं
म्हणजे आधी कुलपाला लायटरची धग द्यायची.
त्या दिवशी धग देत असतानाच ती मागे येऊन उभी राहिली.
ओयुनचिमेग. गोबीतल्या खाणीतून सीमेपर्यंत
कोळशाचा ट्रक चालवते.
आत आल्यावर हातमोजे काढून काउंटरवर ठेवले,
तर काचेवर दोन काळे पंजे उमटले.

"लॅपटॉप हवा. रोजच्या कामाला.
आणि थोडं खेळायला."

थोडं म्हणजे किती, हे मी सगळ्यांनाच विचारतो.
आमच्या धंद्यात 'थोडं' या शब्दाचा भाव
पंधरा लाख तुगरिकपासून सुरू होतो
आणि कुठे थांबेल ते गिऱ्हाइकाच्या मुलावर असतं.

मी पाठ केलेलं म्हणायला लागलो:
रॅम सोळा जीबीच घ्या, आठाला धाप लागते.
डिस्क एसएसडी. प्रोसेसर मधला पुरे,
वरचा घेतलात तर तो दिवसभर बसूनच राहील.
वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की पंखा फुरफुरतो
आणि बॅटरी दोन तासांत जीभ बाहेर काढते.
हा बघा, लाल दिव्यांचा कीबोर्ड,
पोरं यावरच भाळतात.

तिने लाल दिव्यांकडे असं पाहिलं,
जसं दात न दाखवता घोडा विकणाऱ्याकडे पाहावं.
"तो करडा उघड."
झाकण एका बोटाने वर-खाली केलं,
बिजागरीला कान लावला.

"किती तास टिकेल?"
खोक्यावर अकरा लिहिलंय.
"खोक्याला नाही, तुला विचारतेय."
सात, मी म्हणालो. खेळलात तर चार.
"बाहेर उणे तीस असताना?"
तेव्हा लगेच चालू नका करू. केबिनमध्ये आणून
कांबळ्यात गुंडाळून ठेवा,
आतला ओलावा सुकू द्या, मगच बटण.
"नव्या कोकरासारखं," ती म्हणाली
आणि पहिल्यांदाच स्टुलावर टेकली.

सीमेवर रांग असते. कधी आठ आठ दिवस.
इंजिन बंद केलं तर डिझेल गोठतं,
चालू ठेवलं तर पगार जळतो.
पोरगी इथे, मावशीकडे, शाळेसाठी. नोमिन, बारा वर्षांची.
फोनवर, जेवलीस? हो. अभ्यास? हो.
मग दोघी नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकतात,
त्याचेही पैसे पडतात.

"ती तो खेळ खेळते ना, ठोकळे रचायचा.
त्यात घर बांधलंय म्हणे तिने.
बहीण सांगत होती, वरच्या मजल्यावर एक खोली आहे,
दारावर आई लिहिलंय.
आत कुणीच नसतं."

बाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं.

"तेवढं चाललं पाहिजे याच्यावर.
त्या खोलीत जाता आलं पाहिजे."

तिथे नेट येतं का, मी विचारलं.
"रांग टेकाडावर असली की येतं.
पुढे सरकली की जातं."
म्हणजे ही बाई आता
रांग सरकू नये म्हणून प्रार्थना करणार.

लाल दिव्यांचा मी मिटून ठेवला.
करड्यावर खेळ टाकला, वाट कशी चालायची ते दाखवलं.
चाळीस टन ओढणारं तिचं बोट
एका बटणावर इतकं जोरात बसलं
की बाई सरळ भिंतीवर आपटली.
"ब्रेक कुठाय?"
बोट उचला. तोच ब्रेक.
"असं होय," म्हणाली आणि पुन्हा आपटली.

तेवीस लाखांवर सौदा तुटला.
ट्रकच्या चोवीस व्होल्टला लागेल असा इन्व्हर्टर
मी त्यातच घातला, मालक ओरडेल.
पिशवी तिने घेतली नाही.
डेलच्या आत, पोटाशी ठेवून
वरून पट्टा आवळला आणि गेली.

संध्याकाळी वॉरंटीचं पान भरताना
'वापर कशासाठी' या रकान्याशी अडलो.
खेळ लिहिलं, खोडलं.
रोजचं काम, असं लिहिलं.